तीन तासांचं हृदय

पालीच्या तिठ्यावर एसटीची वाट बघत तुम्ही कधीतरी उभे राहिला असाल. एक रस्ता नाणीज-साखरपा करत आंबा घाटाने कोल्हापूरला जातो, एक लांजा-राजापुराकडे, आणि एक हातखंब्यावरून मुंबईला. मुंबई इथून तीनशेहून जास्त किलोमीटर. हायवेचं काम, पाऊस, चिपळूणचा ट्रॅफिक धरला तर सात-आठ तास कुठेच गेले नाहीत.

आता एक गणित करा. दात्याच्या शरीरातून काढलेलं हृदय बर्फाच्या पेटीत साधारण चार तास टिकतं. तेवढ्यात ते दुसऱ्याच्या छातीत बसून धडधडायला लागलं पाहिजे. म्हणजे पालीतला एखादा पेशंट मुंबईच्या हॉस्पिटलच्या यादीत असेल आणि रात्री दोन वाजता फोन आला की हृदय मिळालंय, तर तो वेळेत पोचणारच नाही. मग त्याने काय करायचं? मुंबईत खोली घेऊन महिनोन्महिने फोनची वाट बघायची? आणि तोवर त्याचं स्वतःचं हृदय बंद पडलं तर?

या प्रश्नाला आज एक उत्तर आहे. छातीत बसवायचा पंप. तो हृदयाचं काम तात्पुरतं उचलतो आणि दुसरं हृदय मिळेपर्यंत माणसाला जगवतो. त्या पंपाकडे आपण येणारच आहोत. पण त्याआधी तुम्हाला एका माणसाची ओळख करून द्यायची आहे. हा पंप हाताशी असता तर ज्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रात्र कदाचित वेगळी संपली असती, असे डॉ. प्रफुल्लकुमार सेन. भारतात पहिलं हृदयप्रत्यारोपण करणारा माणूस. ते झालं कुठे? दिल्लीत नाही, चेन्नईत नाही. आपल्या परळला, केईएममध्ये.

केईएम कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. घरातलं कुणी फार आजारी पडलं आणि रत्नागिरीच्या डॉक्टरांनी मान हलवली की केईएमला न्यायचं, हे आपल्या आजोबांपासून चालत आलंय. कारण सरळ आहे. गिरणीत कामाला गेलेला चाकरमानी परळ-लालबागच्या चाळीत राहायचा आणि हॉस्पिटल चालत जाण्याच्या अंतरावर होतं. गावाकडून आलेला पेशंट आधी त्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत उतरायचा आणि मग ओपीडीच्या रांगेत लागायचा. १९२६ मध्ये सुरू झालेलं हे हॉस्पिटल आणि त्याला जोडलेलं सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज यांच्यामागे एक हट्ट होता. इंग्रजांच्या राज्यात इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असतील, हा. देणगी देणाऱ्यांनी अटच तशी घातली होती.

सेन त्याच कॉलेजचे विद्यार्थी. जन्म १९१५ चा, घराणं बंगाली, पण घडले ते परळला. तिथेच शिकले, तिथेच सर्जन झाले आणि पुढे तिथल्याच सर्जरी विभागाचे प्रमुख. मधे चाळीसच्या दशकाच्या शेवटी रॉकफेलर फाउंडेशनच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जाऊन आले. छातीची आणि हृदयाची सर्जरी तिकडे तेव्हा नुकती रांगायला लागली होती. तिकडे राहून गेले असते तर नवल नव्हतं. ते परत आले.

परत आले तेव्हा समोर काय होतं? लहानपणी घसा दुखून ताप येतो, सांधे सुजतात, बरं वाटतं, सगळे विसरून जातात. आणि वीस-बावीसच्या वयात जिना चढताना धाप लागते. हा ऱ्हुमॅटिक ताप. तो हृदयाची झडप खाऊन ठेवतो. झडपेची दारं एकमेकांना चिकटतात आणि रक्ताला वाट उरत नाही. एका खोलीत दहा माणसं झोपणाऱ्या चाळींत हा आजार भरपूर होता. तुमच्या वयाची मुलं-मुली त्याने जायची.

त्यावरचा तेव्हाचा इलाज ऐका. धडधडत्या हृदयाच्या वरच्या कप्प्याला छोटी चीर द्यायची, त्यातून सर्जनने बोट आत घालायचं आणि न बघता, नुसत्या स्पर्शाने, चिकटलेली झडप फोडून मोकळी करायची. हृदय थांबवायची सोय नाही, आत डोकावायची सोय नाही. जे काही कळतं ते बोटाच्या टोकाला. पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडे ही शस्त्रक्रिया करणाऱ्या पहिल्या मोजक्या सर्जनांत सेन होते. ज्या मुलीला चार पायऱ्या चढवत नव्हत्या ती काही दिवसांत वॉर्डात फिरायला लागायची. आज या गोष्टीचं फारसं कौतुक होत नाही. माझ्या मते मात्र सेनांनी सगळ्यात जास्त जीव यातूनच वाचवले असणार, आणि त्याची बातमी कधी झाली नाही.

त्यांना गप्प बसवत नसे हे मात्र खरं. तरुण पेशंटमध्ये पोटाजवळची महाधमनी अरुंद होते, हातात रक्तदाब खूप आणि पायात नाडी लागत नाही, असा एक आजार त्यांच्या टीमने नीट अभ्यासून १९६३ मध्ये जगापुढे मांडला. मिडल ऑर्टिक सिंड्रोम हे त्याचं नाव आजही पुस्तकांत आहे. परळच्या वॉर्डात दिसलेली गोष्ट परळच्याच डॉक्टरांनी लिहिली आणि ती जगभर वाचली गेली.

मग सापाचं हृदय. हे प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण यावरून माणूस कळतो. आपल्या हृदयाला स्वतःसाठी लागणारं रक्त बाहेरून मिळतं. त्याच्या अंगावरून धमन्या जातात, त्यातून. त्या बुजल्या की हार्ट अॅटॅक. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाची भिंत आतल्या पोकळीतलं रक्तच बारीक फटींमधून शोषून घेते, स्पंजसारखं. सेनांना वाटलं, माणसाच्या धमन्या बुजल्या असतील तर त्याच्या हृदयाला सापासारखं का करू नये? भिंतीला सुईने बारीक बारीक भोकं पाडायची, म्हणजे आतलं रक्त थेट स्नायूला मिळेल. आधी कुत्र्यांवर प्रयोग, मग पेशंटवर. १९६५ मध्ये याचा शोधनिबंध निघाला. सेनांसोबत त्यात तेहमटन उडवाडिया, किनरे आणि परुळकर ही नावं होती. यातले उडवाडिया पुढे भारतातल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ओळखले गेले.

भोकं टिकली का? नाही. सुईने पाडलेली वाट शरीर काही दिवसांत बुजवून टाकतं. पुढे ऐंशी-नव्वदच्या दशकात परदेशात हीच कल्पना लेसर घेऊन पुन्हा आली, गाजली आणि मागेही पडली. पण साप बघून माणसाच्या हृदयाचा विचार करणारा सर्जन कसा असेल, एवढं तुमच्या लक्षात आलं असेल. सेन चित्रं काढायचे, कविता करायचे. यात काही जोडणी आहे असं मला वाटतं, तुम्हाला वाटत नसेल तर सोडून द्या.

त्याच सुमारास ते रशियाला जाऊन आले होते. तिथे व्लादिमीर डेमिखोव नावाचा अचाट माणूस होता. १९३७ मध्ये, वयाच्या विशीत, विद्यार्थी असतानाच त्याने एक यांत्रिक हृदय बनवून कुत्र्याच्या शरीरात बसवलं होतं, आणि कुत्रा काही तास जगला होता. कृत्रिम हृदयाची गोष्ट सुरू होते ती तिथून, तुमच्याच वयाच्या एका पोराच्या वर्कशॉपमधून. पुढे डेमिखोवने कुत्र्यांमध्ये हृदयं, फुप्फुसं बदलून बघितली. जगभरचे सर्जन त्याच्याकडे जाऊन यायचे. दक्षिण आफ्रिकेतले ख्रिश्चन बर्नार्ड गेले, परळचे सेनही गेले.

परत आल्यावर केईएमच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हृदयप्रत्यारोपणं सुरू झाली. एक-दोन नव्हे. १९६५ मध्ये सेन, परुळकर, पांडे आणि किनरे यांनी अशा शंभर प्रयोगांचा अहवाल प्रसिद्ध केला. लक्षात घ्या, जगात अजून एकाही माणसाचं हृदय माणसाला बसलेलं नव्हतं. महापालिकेच्या हॉस्पिटलात, दिवसभराची ओपीडी आणि ऑपरेशनं उरकून, ही मंडळी शंभर वेळा हृदय काढून बसवत होती. प्राण्यांवरच्या प्रयोगांबद्दल तुमचं मत वेगळं असू शकतं. माझंही सरळ नाही. पण पुढे जे झालं ते कुणाचं तरी बघून घाईत केलेलं धाडस नव्हतं, हे या शंभर प्रयोगांवरून कळतं.

३ डिसेंबर १९६७ ला केपटाउनमध्ये बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. पेशंट अठरा दिवस जगला. तीन दिवसांनी न्यूयॉर्कमध्ये एड्रियन कँट्रोविट्झ यांनी एका बाळावर केलं, ते काही तासांत गेलं. जानेवारीत पुन्हा बर्नार्ड, मग स्टॅनफर्डचे नॉर्मन शमवे, पुन्हा कँट्रोविट्झ. पाच झाली. सहावं परळला, फेब्रुवारी १९६८ मध्ये. हे करणारे सेन जगातले चौथे सर्जन. पहिल्या प्रयोगापासून अडीच महिनेसुद्धा झाले नव्हते.

दाता होती अपघातात डोक्याला जबर मार लागलेली एक तरुण स्त्री. घेणारा तिशीच्या आतला एक तरुण. त्याच्या हृदयाचा स्नायूच निकामी झालेला होता. औषधांनी काही होण्यातलं नव्हतं. जुनं हृदय काढलं, नवं शिवलं. मशीनवरून उतरवलं तेव्हा ते चालायला लागलं. म्हणजे शंभर प्रयोगांत हात बसला होता तो कामी आला. टाके बरोबर होते, जोडणी बरोबर होती.

तीन तासांनी तो तरुण गेला.

का गेला, हे समजून घ्यायला थोडी प्लंबिंग समजून घ्यावी लागेल. हृदय म्हणजे एका कवचातले दोन पंप. डावा ताकदीचा, तो अख्ख्या शरीराला रक्त ढकलतो. उजवा त्या मानाने नाजूक, त्याला फक्त शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त पोचवायचं असतं आणि तिथे दाब अगदी कमी असतो. आता डावा पंप महिनोन्महिने कमजोर झाला की काय होतं? त्याच्यामागे रक्त तुंबतं, थेट फुप्फुसांत. तिथल्या रक्तवाहिन्यांत दाब वाढतो, त्यांच्या भिंती जाड आणि कडक होतात. पेशंटचा जुना उजवा पंप हळूहळू या दाबाला सरावतो, जाडजूड होतो. पण तुम्ही त्याच्या जागी एका निरोगी माणसाचं हृदय आणून बसवलंत तर? त्याच्या उजव्या बाजूला असल्या दाबाची सवयच नसते. घराच्या टाकीत पाणी चढवणारी मोटर आणून अचानक डोंगरावरच्या वाडीला पाणी चढवायला लावल्यासारखं. मोटर उत्तम असते. तरी बसते.

परळला तेच झालं. फुप्फुसांतला दाब जास्त होता आणि नव्या हृदयाची उजवी बाजू त्यापुढे हरली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सेनांनी दुसरा प्रयत्न केला. तो पेशंट चौदा तास जगला. तिसरा प्रयत्न त्यांनी केला नाही.

ते एकटे थांबले नाहीत, सगळं जगच थांबलं. १९६८ या एका वर्षात जगभर शंभरावर हृदयप्रत्यारोपणं झाली आणि बहुतेक पेशंट काही दिवसांत किंवा महिन्यांत दगावले. परकं हृदय शरीर नाकारायचं आणि त्याला आवर घालणारं चांगलं औषध तेव्हा नव्हतं. सायक्लोस्पोरिन यायला ऐंशीचं दशक उजाडलं. आपल्याकडे तर मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत, हे कायद्यातही नव्हतं. तो कायदा १९९४ मध्ये आला, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदयप्रत्यारोपण केलं. मधली सव्वीस वर्षं रिकामी.

सेनांना १९६९ मध्ये पद्मभूषण मिळालं. हे मला नेहमी बरं वाटतं. दोन्ही पेशंट गेलेले असताना सरकारने त्यांचा सन्मान केला. आजच्या कमेंट सेक्शनमध्ये त्यांचं काय झालं असतं, याची कल्पना करून बघा.

आता त्या पंपाकडे येऊ. त्याच १९६९ मध्ये, ४ एप्रिलला, ह्यूस्टनमध्ये डेंटन कूली यांच्यासमोर एक अडचण आली. ऑपरेशन टेबलावरच्या पेशंटचं हृदय चालेना आणि दाता मिळालेला नव्हता. त्यांनी डोमिंगो लिओटा यांनी बनवलेलं कृत्रिम हृदय त्याच्या छातीत बसवलं. ६४ तास त्याच्यावर माणूस जगला. तोवर दाता मिळाला, खरं हृदय बसवलं. पुढे दीडेक दिवसात इन्फेक्शनने तो गेला. यंत्र वापरायची परवानगी होती की नाही यावरून मोठा वादही झाला. पण एक गोष्ट सिद्ध झाली. दोन हृदयांच्या मधला वेळ यंत्राने भरून काढता येतो. नदीवर पक्का पूल होईपर्यंत साकव टाकतात ना, तसं.

साकव मजबूत व्हायला आणखी पंधरा-सोळा वर्षं गेली. डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला जार्विक-७ हे कृत्रिम हृदय कायमचं म्हणून एका दंतवैद्याला बसवलं. तो ११२ दिवस जगला, पण कपाटाएवढ्या कॉम्प्रेसरला नळ्यांनी जखडून. कायमचं म्हणून ते यंत्र जमलं नाही. तात्पुरतं म्हणून मात्र जमलं. १९८५ मध्ये ॲरिझोनात जॅक कोपलँड यांनी तेच यंत्र प्रत्यारोपणापर्यंतचा साकव म्हणून यशस्वीपणे वापरलं. आणि हळूहळू एक गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली. बऱ्याच जणांना अख्खं हृदय बदलायची गरजच नसते, डाव्या बाजूला आधार दिला तरी भागतं. यातून आजचा एलव्हॅड आला. मुठीत मावेल असा पंप. तो डाव्या कप्प्याच्या टोकाला जोडतात. आतलं चक्र चुंबकाच्या जोरावर अधांतरी फिरतं आणि रक्त थेट महाधमनीत ढकलतं. पोटाच्या कातडीतून एक वायर बाहेर येते, ती कमरेच्या कंट्रोलरला आणि बॅटऱ्यांना जोडलेली. रक्त ठोक्याठोक्याने न वाहता सलग वाहतं, त्यामुळे अशा माणसाचं मनगट धरलंत तर नाडी बहुतेक वेळा हाताला लागतच नाही. आणि तो समोर बसून तुमच्याशी गप्पा मारत असतो!

सेनांच्या गोष्टीशी याचा संबंध इथे येतो. हा पंप डाव्या बाजूचं काम उचलतो, म्हणजे मागे तुंबलेलं रक्त मोकळं होतं. काही महिन्यांत फुप्फुसांतला दाब बऱ्याच पेशंटमध्ये खाली येतो. ज्याला आज कुठलाही सर्जन नवं हृदय बसवायला नकार देईल, तोच सहा महिन्यांनी यादीत येऊ शकतो. म्हणजे हा साकव नुसता वेळ काढत नाही, पलीकडचा किनाराही तयार करतो. १९६८ च्या परळच्या टेबलावर नेमकं हेच कमी पडलं होतं. आज प्रत्यारोपणाआधी हृदयात नळी घालून फुप्फुसांचा दाब मोजतात. तो जास्त असेल तर आधी उतरवायचा प्रयत्न, मगच पुढचं.

सगळं सोपं झालंय असं समजू नका. पंपाची किंमत आपल्याकडे कोटीच्या घरात जाते. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज, वायर जिथून बाहेर येते तिथे इन्फेक्शनची भीती, रक्तस्राव आणि लकव्याचा धोका. आणि वीज! पंप बंद पडणं परवडत नाही. बॅटऱ्यांची एक जोडी बारा-पंधरा तास काढते, मग चार्जिंग. जूनमध्ये पालीच्या बाजूला झाड तारेवर पडलं की दोन-दोन दिवस लाइट नसते, हे तुम्हाला माहीत आहे. इन्व्हर्टर, जादा बॅटऱ्या, जवळच्या दवाखान्याला आधी दिलेली कल्पना, एवढी सगळी तयारी केल्याशिवाय असा पेशंट गावी येऊन राहू शकत नाही. पण राहू शकतो. मुंबईतल्या खोलीत फोनकडे बघत बसण्यापेक्षा आपल्या पडवीत बसू शकतो, आणि तब्येत सावरली, यादीत नंबर वर आला की मुंबई गाठू शकतो. इंजिनिअरिंगला असलेल्यांनी इथे जरा थांबावं. स्वस्त पंप, टिकणारी बॅटरी आणि वायरशिवाय कातडीतून आत जाणारी वीज, तिन्ही कामं अजून अर्धवट आहेत.

मुंबईला पुन्हा हृदयप्रत्यारोपण बघायला २०१५ उजाडलं. त्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या दात्याचं हृदय वेळेत मुलुंडला आणलं आणि डॉ. अन्वय मुळे यांच्या टीमने ते बसवलं. सेनांच्या त्या दोन ऑपरेशनांनंतर ४७ वर्षांनी. खुद्द केईएममध्ये तर ५६ वर्षं गेली. तिथे पुढचं हृदयप्रत्यारोपण झालं जुलै २०२४ मध्ये.

यातलं काही बघायला सेन नव्हते. १९८२ च्या जुलैमध्ये ते गेले. जार्विक-७ चं ते गाजलेलं ऑपरेशन व्हायला तेव्हा चार-पाच महिने बाकी होते आणि सायक्लोस्पोरिन सर्रास वापरात यायचं होतं. मागे त्यांनी चित्रं ठेवली, शोधनिबंध ठेवले आणि विद्यार्थी ठेवले. प्रयोगशाळेत त्यांच्यासोबत कुत्र्यांच्या हृदयांवर टाके घालणारे परुळकर पुढे त्याच केईएमचे डीन झाले.

पुढच्या खेपेला परळला गेलात, कुणाला भेटायला किंवा नुसतं लालबागच्या गणपतीला, तर केईएमच्या जुन्या दगडी इमारतीकडे एकदा बघा. ओपीडीच्या रांगेत आपल्या बाजूचं बोलणारं कुणीतरी हमखास भेटेल.